बाळाचा मेंदू आणि आईचा पत्ता

महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचे प्रमाण गेल्या दोन दशकांत बरेच खाली आले आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकड्यांनुसार हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांची संख्या राज्यात १६ होती. देशाची सरासरी त्या वेळी २८ होती. हे यश खरे आहे. जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचे विशेष कक्ष उभे राहिले, १०२ आणि १०८ च्या गाड्या आल्या, घरातली बाळंतपणे दवाखान्यात गेली. बारा-तेराशे ग्रॅमचे बाळ जन्मले की पूर्वी घरचे लोक मनाची तयारी करत. आज अशी कितीतरी बाळे काचेच्या पेटीतून आईच्या कुशीत परत येतात. मात्र इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती सगळ्यात जास्त असते. बाळ जगले; पुढे ते बसेल का, चालेल का, शाळेत टिकेल का, हे कशावर ठरते? माझे म्हणणे असे, की बीड जिल्ह्यात ते बऱ्याच अंशी आईच्या पत्त्यावर ठरते. सातव्या महिन्यात ती कुठे होती आणि बाळंतपणानंतरची दोन वर्षे ती कुठे कुठे राहिली, या दोन गोष्टी त्या बाळाच्या मेंदूचे भवितव्य घडवतात. आपली सरकारी आरोग्यसेवा गावाला बांधलेली आहे, आणि बीडमधली लाखो माणसे वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात.

आधी हा रक्तस्राव होतो कसा ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. मेंदूच्या मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात. गर्भाच्या मेंदूत या पोकळ्यांच्या काठाला जर्मिनल मॅट्रिक्स नावाचा मऊ थर असतो. पुढे मेंदूभर पसरणाऱ्या पेशी तिथे तयार होतात, त्यामुळे रक्ताचा पुरवठा तिथे भरपूर असतो. पण त्या रक्तवाहिन्या अतिशय पातळ आणि बिनआधाराच्या असतात. साधारण ३४ आठवड्यांपर्यंत हा थर आपोआप विरून जातो. त्याआधी बाळ बाहेर आले, तर रक्तदाबातला चढउतार, श्वास अडखळल्याने रक्तात साठलेला कार्बन डायऑक्साइड, अंगात भरलेला गारठा, प्रवासातली हलवाहलव, घाईने दिलेली सलाईन यांतले काहीही त्या वाहिन्या फुटायला पुरेसे ठरते. दीड किलोच्या आतल्या चार-पाच बाळांमागे एकाच्या मेंदूत कमी-अधिक रक्तस्राव आढळतो, आणि त्यातला बहुतेक पहिल्या ७२ तासांतच होतो. बाळ आडगावी जन्मून मग गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेले, तर या ७२ तासांतले सर्वांत महत्त्वाचे तास रस्त्यावर जातात. म्हणूनच जन्मानंतर हलवलेल्या बाळांमध्ये गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण मोठ्या दवाखान्यातच जन्मलेल्या बाळांपेक्षा जास्त असते. हे जगभर पुन्हा पुन्हा दिसून आले आहे.

परिणामांबद्दल आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. ‘मेंदूत रक्त झालं’ हे शब्द ऐकले की काही घरांत सगळे संपले असे धरले जाते; काही घरांत बाळ दूध पिते आहे, रडते आहे, मग झाले काय, असे म्हणून विषय मिटतो. दोन्ही समज बाळाचे नुकसान करतात. अमेरिकेतल्या ल्यू-अॅन पापिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दीड किलोच्या आतल्या बाळांचे सीटी स्कॅन पाहून या रक्तस्रावाच्या चार श्रेणी मांडल्या. पहिल्या श्रेणीत रक्त त्या थरापुरतेच राहते, दुसऱ्या श्रेणीत ते पोकळीत उतरते, तिसऱ्या श्रेणीत पोकळ्या रक्ताने फुगतात आणि चौथ्या श्रेणीत शेजारच्या मेंदूलाच इजा होते. पहिल्या दोन श्रेणींतली बहुतेक बाळे चांगली वाढतात, काहींना पुढे अभ्यासात किंवा एकाग्रतेत थोडी अडचण येते. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत मात्र डोक्यात पाणी साठणे, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेने हालचालींत येणारे अपंगत्व), झटके, दृष्टिदोष, बौद्धिक वाढ मागे पडणे असे धोके खूप वाढतात. पायांकडे जाणारे मज्जातंतू या पोकळ्यांना सर्वांत जवळून जातात, त्यामुळे इजा झाली की अनेकदा आधी पाय ताठर होतात. आणि यातले काहीच पहिल्या महिन्यात धड दिसत नाही. मान धरण्याचे, बसण्याचे, चालण्याचे वय आले की एकेक उणीव उघडी पडते. तोपर्यंत बाळ दवाखान्यापासून पुष्कळ लांब गेलेले असते.

आता बीडचे पंचांग पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, परळी या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे आणि सीमेपलीकडे बेळगाव, बागलकोट अशी त्यांची ठिकाणे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता फडातच राहतो. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढवणे, रात्री कोपीत निजणे, पाणी आणि शौचालयाची वानवा. ज्या बाईला दसऱ्याला दोन महिने झालेले असतात, तिला शिमग्याच्या आसपास सातवा चालू असतो. म्हणजे बाळाच्या मेंदूसाठी सर्वांत नाजूक आठवडे नेमके पट्टा पडण्याआधीच्या, म्हणजे हंगाम संपतानाच्या घाईत, घरापासून दोन-तीनशे किलोमीटरवर येतात. ही कल्पनेतली बाई नव्हे. आरोग्य विभागाच्या बीडमधल्या ज्या पाहणीची माहिती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात त्या हंगामात दीड हजारांहून अधिक गरोदर स्त्रिया ऊसतोडीच्या कामावर होत्या असे आढळले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत बीडमधल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या सुमारे ४४ स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. कोवळे वय, रक्तक्षय, दोन बाळंतपणांतले कमी अंतर, पाण्याअभावी होणारा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, ही सगळी मुदतीआधी प्रसूती होण्याची जाणती कारणे आहेत, आणि ती या एका जिल्ह्यात एका बाईच्या वाट्याला एकत्र येतात. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया उजेडात आल्या आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्यांची चौकशी केली. ८२,३०९ स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. त्यावर राज्यभर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. गर्भार अवस्थेत फडात उभ्या असलेल्या बाईबद्दल आणि तिच्या पोटातल्या मेंदूबद्दल त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही बोलले गेले नाही.

या बाईसाठी वैद्यकशास्त्राकडे उपाय आहे का? आहे, आणि तो महाग नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचे लिगिन्स आणि हाउवी यांनी १९७२ मध्ये दाखवले, की मुदतीआधी प्रसूती होणार असेल तर आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याने बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. पुढच्या अभ्यासांत त्याचा दुसरा फायदा स्पष्ट झाला: मेंदूतला रक्तस्रावही सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतो. डेक्सामेथासोन हे औषध काही रुपयांत मिळते. केंद्र सरकारने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झालेल्या बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची मुभा एएनएम सिस्टरलाही दिली. यावर एक वजनदार आक्षेप आहे आणि तो आपल्याच भागातून आलेला आहे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतल्या अभ्यासात नागपूर आणि बेळगावचा परिसर होता. गावपातळीवर स्टेरॉइडचा वापर वाढवल्यावर सर्वांत लहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट एकूण बाळांमध्ये मृत्यू थोडे वाढले. दिवसांचा हिशोब चुकल्याने ज्यांना गरज नव्हती अशा पुष्कळ बायकांना औषध गेले होते. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत, सोनोग्राफीने दिवस नक्की केलेल्या आणि नवजात बाळांची बरी सोय असलेल्या दवाखान्यांत २,८५२ स्त्रियांवर पुन्हा चाचणी घेतली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत स्टेरॉइड मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के आणि न मिळालेल्या गटात २३.५ टक्के होते. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की अर्थ सरळ निघतो. औषध उपयोगी आहे, पण दिवसांचा हिशोब पक्का असेल आणि बाळ जिथे जन्मणार तो दवाखाना त्याला सांभाळू शकत असेल तरच.

दिवसांचा हा हिशोब फडात लागत नाही. पाळी पोळ्याच्या आसपास चुकली की गौरी-गणपतीत, एवढ्यावर तो चालतो, आणि तीन-चार आठवड्यांची चूक इथे जीवघेणी ठरते. पण बीडला एक सोय निसर्गानेच दिली आहे. टोळी निघण्याआधी ज्या बाईला दोन-अडीच महिने झालेले असतात, तिच्या दिवसांची मोजणी सोनोग्राफीने सर्वांत अचूक होते ती त्याच वेळी. म्हणून स्थलांतराआधीची तपासणी ही शिबिर भरवून रक्तदाब मोजण्यापुरती राहू नये. प्रत्येक गरोदर बाईची सोनोग्राफी, तिच्या कार्डावर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेबरोबर २८ ते ३४ आठवडे कोणत्या तारखांना येतात याची ठळक नोंद, आणि तीच यादी ती ज्या कारखान्याकडे निघाली आहे त्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला, इतके बीडच्या प्रशासनाने केले तर शिमग्याला पोटात कळ आलेली बाई तिथल्या सिस्टरसाठी अनोळखी राहणार नाही. तिला कळा सुरू असतानाच अशा दवाखान्यात न्यायला हवे, जिथे दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाला श्वासाचे यंत्र मिळेल. बाळासाठी आईच्या पोटाइतकी सुरक्षित रुग्णवाहिका दुसरी नाही. ज्या घरीच राहतात त्यांनाही हे लागू आहे. आष्टीहून अहिल्यानगर जवळ, केज-धारूरहून अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय जवळ. तालुक्यागणिक हा रस्ता आधी ठरलेला आणि गाडीच्या चालकाला पाठ असलेला हवा.

पूर्ण दिवसांच्या धडधाकट बाळाच्या मेंदूतही रक्तस्राव होतो, त्याचे एक कारण टाळण्याजोगे आहे आणि ते आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. रक्त गोठायला लागणारे व्हिटॅमिन के नवजात बाळात अगदी कमी असते, आईच्या दुधातूनही ते फार थोडे मिळते. म्हणून जन्मल्याबरोबर मांडीत एक मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. एक किलोच्या आतल्या बाळाला त्याच्या निम्मे. ते चुकले, तर नुसत्या अंगावरच्या दुधावर छान वाढणारे बाळ दुसऱ्या आठवड्यापासून तीन-चार महिन्यांपर्यंत कधीही अचानक मलूल पडते, टाळू फुगते, झटके येतात. अशा उशिरा होणाऱ्या रक्तस्रावात निम्म्याहून अधिक बाळांच्या मेंदूतच रक्त जाते. त्याआधी बेंबीतून किंवा नाकातून थोडे रक्त येऊन गेलेले असते, आणि घरात त्याला किरकोळ समजले जाते. आईच्या दुधाबद्दल यातून कुणी शंका घेऊ नये, त्याला तोड नाही. ज्या बाळाचा जन्म रस्त्यात, कोपीत किंवा गाडीत झाला, त्याला हे इंजेक्शन मिळाले का, एवढाच प्रश्न पहिल्या भेटीत विचारायचा आणि नसेल तर तिथल्या तिथे द्यायचे.

दवाखान्यातून सुट्टी झाल्यानंतरची गोष्ट माझ्या मते याहून बिकट आहे. कागदावरची व्यवस्था वाईट नाही. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताईंनी पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा भेटी द्यायच्या, एसएनसीयूतून आलेल्या बाळाकडे त्यापुढेही लक्ष ठेवायचे, असा नियम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तर सुरुवातच २०१३ मध्ये महाराष्ट्रात, पालघरला झाली. व्यंग किंवा विकासातले मागेपण लवकर ओळखून जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात उपचार करणे हा त्याचा गाभा आहे. पण या प्रत्येक भेटीला एक पत्ता लागतो, आणि बीडच्या बाळाला पहिल्या वर्षात तीन पत्ते असतात. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून सव्वा महिना माहेरचे गाव, मग सासर, मग दसऱ्यानंतर फड. सासरच्या आशाताईला बाळ माहेरी आहे एवढेच ठाऊक, माहेरच्या आशाताईच्या यादीत ते नाही, आणि फडावर आशाताई आली तरी एसएनसीयूचे कागद गावातल्या पत्र्याच्या पेटीत. प्रत्येक गरोदर बाईला आरसीएचचा, म्हणजे माता-बाल आरोग्य नोंदणीचा ओळख क्रमांक मिळतो आणि ती नोंदणी देशभराची आहे. तो क्रमांक बाळाच्या सुट्टीच्या कागदावर मोठ्या अक्षरात असावा, मेंदूच्या सोनोग्राफीची श्रेणी त्याच्याशी जोडलेली असावी, आणि बाळ ज्या गावात असेल तिथल्या आशाताईला भेटीचे मानधन मिळावे. आज भेट गावाच्या हद्दीत मोजली जाते. ती बाळाच्या नावावर मोजली, तर बाळ हरवणार नाही.

पहिल्या वर्षाचा एवढा आग्रह का, असे कुणी विचारील. कारण मेंदू तेव्हा सर्वांत झपाट्याने घडतो आणि इजा झालेल्या भागाचे काम दुसऱ्या भागाने उचलण्याची शक्यता तेव्हा सर्वाधिक असते. जोखीम असलेल्या बाळांमध्ये सेरेब्रल पाल्सीचे निदान सहा महिन्यांच्या आत करता येते, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या आढाव्याने दाखवले. लवकर जन्मलेल्या बाळाचे वय मोजताना ते जितके आठवडे आधी आले तितके वजा करायचे असतात. आपल्याकडे मूल दीड-दोन वर्षांचे झाले तरी ‘आमच्या घराण्यात उशिराच चालतात’ या एका वाक्यात वेळ निघून जातो. चौथा महिना उलटला तरी अंगठा आत धरून मूठ घट्ट मिटलेली राहणे, वर्षाच्या आतच एकच हात वापरणे, उचलून धरले की पायांची कात्री होणे, आईच्या चेहऱ्यावर नजर न ठरणे, ही लक्षणे आशाताई किंवा अंगणवाडी ताई कुठल्याही यंत्राशिवाय ओळखू शकतात. त्याआधी, अगदी पहिल्या भेटींतच डोळ्यांचाही विषय आला पाहिजे: ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोहून कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासावा लागतो, नाहीतर मेंदू सावरला तरी दृष्टी जाऊ शकते.

डोक्यात पाणी साठण्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण इथे दोन-तीन आठवड्यांचा उशीरही महागात पडतो. पोकळीत गेलेल्या रक्ताच्या गुठळ्यांनी पाण्याची वाट बुजते, पाणी साठते, डोके वाढत जाते. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर आठवड्याला साधारण एक सेंटिमीटरने वाढतो. तो दोन सेंटिमीटरच्या घरात जाऊ लागला, टाळू ताणलेली वाटली, डोळे खाली ओढल्यासारखे दिसले, तर थांबायचे नाही. मोजायला लागते ती शिंप्याकडे असते तसली एक पट्टी. पुढचा उपाय बहुधा शंटचा, म्हणजे डोक्यातले जादा पाणी पोटात उतरवणाऱ्या बारीक नळीचा. शहाजहानपूरला तयार होणारा छाब्रा शंट परदेशी शंटच्या तुलनेत फार स्वस्त आहे आणि युगांडात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत वर्षभरानंतरचे निकाल दोन्हींचे सारखेच आले. शस्त्रक्रिया होते तीही मोठ्या शहरात, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा सोलापूरला. पण नळी घातली की प्रश्न संपत नाही. ती कधीही तुंबू शकते. मग उलट्या, झोपाळूपणा, झटके. फडावरच्या आईला हे कुणी समजावून सांगितलेले नसेल, तर ती उलट्या आणि ताप म्हणून कारखान्याच्या गावातल्या डॉक्टरकडे जाईल, औषध घेईल आणि दोन दिवस वाट पाहील. त्या डॉक्टरला दाखवायला तिच्या हातात एक कागद हवा, मराठीत आणि बेळगाव-बागलकोटकडे जाणारीसाठी कानडीतही.

मेंदूची सोनोग्राफी टाळूवर प्रोब ठेवून खाटेवरच होते, त्यासाठी बाळाला हलवावे लागत नाही. तरी ती वेळेवर होत नाही, याचे एक कारण म्हणून कायद्याकडे बोट दाखवले जाते: गर्भलिंग निदानाविरुद्धच्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, आणि बीडमध्ये तर त्यावर करडी नजर असते. ती असायलाच हवी. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या, हे विसरून कुणीही सवलत मागू नये. पण कायदा नवजात बाळाच्या आड येत नाही. नोंदणी झालेल्या दवाखान्याच्या आवारात दाखल रुग्णासाठी हलवता येणारे यंत्र वापरण्याची तरतूद नियमांत आहे. अडचण आहे ती यंत्र एसएनसीयूच्या नावावर नसण्याची आणि ते चालवायला शिकलेला बालरोगतज्ज्ञ तिथे नसण्याची. दोन्ही गोष्टी प्रशासनाच्या हातातल्या आहेत.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. पुष्कळ शिकलेली, भली माणसेही दबक्या आवाजात विचारतात, की इतक्या लहान बाळांना वाचवून आपण गरीब घरावर जन्माचे अपंगत्व लादतो आहोत का? या प्रश्नामागे क्रूरपणा नसतो, त्या घराचे हाल पाहिलेले असतात. तरी मला तो चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. पहिली गोष्ट, रक्तस्राव झालेल्या बाळांतली मोठी संख्या सौम्य श्रेणीतली असते आणि ती चांगली वाढतात. दुसरी, जन्माच्या आठवड्यात कोणत्या बाळाचे काय होईल हे कुणालाही खात्रीने सांगता येत नाही. चौथ्या श्रेणीतली काही मुलेही आधाराने चालतात, शाळेत जातात. तिसरी आणि माझ्या दृष्टीने निर्णायक: त्या घराचे जे हाल होतात ते बाळ जगल्यामुळे कमी आणि जगल्यानंतर त्याला वाऱ्यावर सोडल्यामुळे जास्त होतात. सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचे विमासंरक्षण आहे, महात्मा फुले योजना आहे. हे मिळवायला जी धावपळ लागते, ती रोजच्या हजेरीवर पोट असलेल्या आईला झेपत नाही. पहिल्या वर्षात फिजिओथेरपी मिळाली, आईला हातपाय हलवायचे, भरवायचे, मांडी घालून बसवायचे शिकवले, तर तेच मूल पाच वर्षांनी पाठीवर वाहून न्यावे लागते की हात धरून चालते, एवढा फरक पडू शकतो. आधी जीव वाचवा, मेंदूचे मग बघू, असेही कुणी म्हणतात. पण बाळ उबदार ठेवणे, आईला वेळेत हलवणे, स्टेरॉइड देणे, जंतुसंसर्ग टाळणे यांनी जीव आणि मेंदू एकाच वेळी वाचतात. खर्चाची दोन खाती करण्याची गरजच नाही.

राहिला प्रश्न हा भार कुणी उचलायचा. स्थलांतर ही त्या कुटुंबाची निवड आहे, मग सरकारने किंवा कारखान्याने किती मागे धावायचे, असे म्हटले जाते. उचल घेतलेल्या कोयत्याला निवड किती उरते, हे बीडमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एक दिवस कामावर गेले नाही की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. बाळाला फिजिओथेरपीला न्यायचे म्हणजे दर खेपेला खाडा, वर गाडीभाडे. अशा घराला तुम्ही तपासणीला का आला नाहीत, असे विचारणे अन्यायाचे आहे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच रक्कम सरकारकडून, असा निर्णय झालेला आहे. राज्यात दर हंगामाला कोट्यवधी टन ऊस गाळला जातो. त्या निधीतून ठरावीक वाटा तीन कामांसाठी राखून ठेवावा: सातवा लागलेल्या बाईला फडातून सुट्टी आणि त्या दिवसांची पूर्ण मजुरी, एसएनसीयूतून सुटलेल्या प्रत्येक ऊसतोड बाळाच्या पहिल्या दोन वर्षांतल्या तपासण्यांचे गाडीभाडे आणि खाड्याची भरपाई, आणि कारखाना परिसरातल्या ग्रामीण रुग्णालयांत हंगामापुरता एक फिजिओथेरपिस्ट. मुकादमाच्या करारात ही सुट्टी लिहिलेली असल्याशिवाय त्या टोळीची नोंद होऊ नये. पुढचा हंगाम दसऱ्याला सुरू होईल, आणि त्या हंगामात सातवा लागणाऱ्या बायकांची यादी करायला बीडच्या आरोग्य विभागाकडे पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचाच काळ आहे.